दुधाच्या दाढेतील पल्पचे उपचार आणि दुखणे थांबल्यानंतरची गुंतागुंत

दुधाच्या दाढेवर रूट कॅनल झाले की मूल एकदोन दिवसांत त्या बाजूने चावू लागते, रात्रीचे रडणे थांबते आणि घरातल्यांच्या दृष्टीने विषय संपतो. दाढेची खरी कसोटी मात्र तिथून सुरू होते. दुधाच्या दातांतील पल्पवर उपचार केल्यानंतर उद्भवणाऱ्या गुंतागुंतींपैकी बऱ्याचशा दुखतच नाहीत. त्या दाढेच्या मुळांमधल्या हाडात, केवळ एक्स-रेवर दिसतील अशा जागी, महिनोन्महिने वाढत राहतात, आणि नेमक्या त्याच जागी पुढे येणारा कायमचा दात घडत असतो. म्हणून अशा उपचाराचे यश केवळ वेदना थांबण्यावरून ठरवता येत नाही.

हे असे का होते ते कळण्यासाठी दुधाच्या दाढेची रचना थोडी समजून घ्यावी लागते. दाताच्या कठीण आवरणाच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला जो मऊ गाभा असतो, त्याला पल्प म्हणतात. बोलण्यात आपण त्यालाच दाताची नस म्हणतो. दुधाच्या दातावरील इनॅमल, म्हणजे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण, कायमच्या दाताच्या तुलनेत साधारण निम्म्या जाडीचे असते, आतली पल्पची पोकळी दाताच्या आकारमानाने मोठी असते आणि तिचे कोपरे दाताच्या पृष्ठभागाच्या बरेच जवळ पोहोचलेले असतात. त्यामुळे कीड पल्पपर्यंत लवकर जाते, विशेषतः दोन दाढांच्या मधल्या, आरशात न दिसणाऱ्या बाजूने. दाढेतील पल्पच्या पोकळीचा तळही पातळ असून त्यात अतिसूक्ष्म वाटा असतात. या वाटांनी जंतू आणि त्यांची विषद्रव्ये मुळे जिथून फाकतात तिथल्या हाडात उतरतात. मोठ्यांच्या दातात एक्स-रेवर संसर्गाची काळी सावली बहुधा मुळाच्या टोकाशी दिसते, तर दुधाच्या दाढेत ती आधी या फाट्यापाशी दिसते. दाढेची फाकलेली, बारीक मुळे ज्या जागेला वेढून असतात, तिथेच पुढच्या उपदाढेचा, म्हणजे या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताचा, अंकुर असतो. शिवाय ही मुळे कायम टिकणारी नसतात. ती हळूहळू झिजत जातात आणि साधारण 9 ते 12 वर्षांच्या दरम्यान दाढ पडून जाते. म्हणजे ज्या दातावर उपचार करायचे तो ठरल्या वेळी नाहीसा व्हायला हवा, आणि त्याच्या मुळात भरलेले औषधही त्याच्याबरोबरच नाहीसे व्हायला हवे. बालदंतवैद्यकातल्या निम्म्या अडचणी या एकाच अटीतून निघतात.

पालक ज्याला सरसकट ‘रूट कॅनल’ म्हणतात, त्यात प्रत्यक्षात तीन वेगवेगळे उपचार मोडतात. पहिल्यात पल्पला हातच लावला जात नाही. कीड काढताना पल्पलगतचा थोडा मऊ भाग मुद्दाम ठेवून त्यावर औषधी थर देतात आणि दात घट्ट बंद करतात, म्हणजे उरलेल्या जंतूंना पोषण मिळत नाही आणि पल्पला आतून नवा थर तयार करायला अवधी मिळतो. दुसऱ्या उपचारात, म्हणजे पल्पोटॉमीत, दाताच्या वरच्या भागातला बाधित पल्प काढून मुळांतला निरोगी पल्प जिवंत ठेवतात. तिसऱ्यात, म्हणजे पल्पेक्टॉमीत, मुळांतलाही पल्प काढून, नलिका धुऊन त्या विरघळणाऱ्या औषधाने भरतात. या तिघांत गुंतागुंत सर्वांत कमी पहिल्यात असते, आणि जिथे तो शक्य आहे तिथे सगळी कीड उकरून काढण्याच्या हट्टापायी पल्प उघडा पाडणे हे माझ्या मते अनावश्यक धाडस आहे.

अपयशाची सर्वांत मोठी वाट निदानापाशीच फुटते. गोड किंवा गार लागल्यावर दुखते आणि लगेच थांबते, तेव्हा पल्पची सूज बहुधा परतवता येण्याजोगी असते. काही कारण नसताना ठणकणे, झोपेतून उठवणारे दुखणे, हिरडीवर पुळी येणे किंवा दाढ अकाली हलणे ही मात्र मुळांतला पल्पही बाधित झाल्याची किंवा मेल्याची चिन्हे आहेत. अडचण अशी की लहान मूल दुखण्याचे वर्णन नीट करू शकत नाही आणि मोठ्यांमध्ये पल्पचा जिवंतपणा तपासण्यासाठी वापरतात त्या गार-गरम किंवा विजेच्या चाचण्या दुधाच्या दातांत भरवशाच्या नसतात. म्हणून पालकांनी दिलेली माहिती, हिरडीची तपासणी आणि फाट्याचे हाड स्पष्ट दिसेल असा एक्स-रे यांवरच निर्णय बेतावा लागतो. पल्पोटॉमीत आणखी एक पुरावा उपचार चालू असताना मिळतो: वरचा पल्प काढल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्याने हलका दाब दिला की रक्त काही मिनिटांत थांबायला हवे. ते थांबत नसेल किंवा गडद रंगाचे येत असेल, तर सूज मुळांत उतरलेली आहे असे मानून पल्पेक्टॉमी करावी लागते किंवा दाढ काढावी लागते. हा इशारा दुर्लक्षून वर औषध ठेवले आणि दात बंद केला, तर आजारी पल्प आतच कोंडला जातो. असा दात काही महिने शांत राहतो आणि नंतर हिरडीवर पुळी येते, तेव्हा दोष औषधाला दिला जातो.

औषधाचाही वाटा असतोच. फॉर्मोक्रेसॉल हे मिश्रण बकले यांनी 1904 मध्ये दातांच्या उपचारात आणले आणि पुढे कित्येक दशके पल्पोटॉमी म्हटली की तेच वापरले जाई. त्यातील फॉर्मल्डिहाइड मुळांतल्या पल्पचा वरचा थर जणू गोठवून टाकते; तो थर बरा होत नाही, निष्क्रिय होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोगकारक ठरवले आणि त्यानंतर पर्यायांकडे ओढा वाढला. हे वर्गीकरण मुख्यतः कारखान्यांसारख्या ठिकाणी दीर्घकाळ श्वासावाटे होणाऱ्या संपर्काच्या पुराव्यावर आधारलेले होते. दाढेत काही मिनिटे ठेवलेल्या, पिळून घेतलेल्या बोळ्यात त्याचे प्रमाण फार थोडे असते. त्यामुळे पूर्वी असा उपचार झालेल्या मुलाच्या पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, पण अधिक सुरक्षित पर्याय हाताशी असताना फॉर्मोक्रेसॉलच वापरण्याचा आग्रहही धरवत नाही. फेरिक सल्फेट रक्त रासायनिक रीतीने थांबवते, आणि तीच त्याची मर्यादा आहे: रक्तस्राव आपोआप थांबतो की नाही हे आधी पाहिले नाही, तर आजारी पल्पचा इशारा झाकला जातो. लोमा लिंडा विद्यापीठात टोराबिनेजाद यांच्या संशोधनातून 1990 च्या दशकात आलेले एमटीए हे खनिज सिमेंट आज सर्वांत विश्वासार्ह मानले जाते, कारण त्याखाली पल्प जिवंत राहतो आणि त्यावर कठीण थर धरतो. त्याने दात करडा पडू शकतो, पण दाढेवर कॅप बसणार असल्याने तो रंग दिसत नाही. पुढच्या दातांत मात्र याचा विचार करावा लागतो.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. कायमच्या दातांत उपयोगी पडणारे हे औषध दुधाच्या दातांच्या पल्पोटॉमीत वापरले तेव्हा अनेक दाढांत मूळ आतून पोखरले गेल्याचे आढळले. सूज असलेल्या पल्पमधल्या पेशी दाताचे कठीण ऊतक खाणाऱ्या पेशींत बदलतात आणि नलिकेची भिंत आतून झिजू लागते. तिला अंतर्गत झीज म्हणतात. ती इतर औषधांनंतरही होते, पण इथे तिचे प्रमाण इतके होते की पल्पोटॉमीसाठी या औषधाची शिफारस मागे पडली. एक्स-रेवर नलिकेचा एखादा भाग फुगल्यासारखा दिसतो. फुगवटा लहान असेल, मुळाची भिंत फुटलेली नसेल आणि मुलाला त्रास नसेल, तर ठरावीक काळाने एक्स-रे काढून वाट पाहता येते; झीज भिंत भेदून हाडापर्यंत गेली असेल, तर दाढ काढणे हाच मार्ग उरतो. याच्या अगदी उलट बदलही दिसतो: नलिका हळूहळू कठीण ऊतकाने भरून जाते आणि एक्स-रेवर जवळजवळ दिसेनाशी होते. पालकांना हे चित्र भीतिदायक वाटते, पण ते अपयश नाही. पल्प जिवंत राहून काम करत होता, याचीच ती खूण आहे.

पल्पेक्टॉमी तांत्रिकदृष्ट्या अधिक अवघड आहे. दुधाच्या दाढेच्या नलिका गोल नसून फितीसारख्या चपट्या असतात, त्यांना आडव्या शाखा असतात आणि मुळे वाकडी व पातळ असतात. फाईल, म्हणजे नलिका खरवडण्याची सुईसारखी बारीक कानस, कितीही काळजीने फिरवली तरी सगळा पल्प यांत्रिक रीतीने निघत नाही, आणि जास्त जोर केला तर मुळाची भिंत किंवा पोकळीचा पातळ तळ फुटतो. तळ फुटला की तोंड आणि फाट्याचे हाड यांच्यात थेट वाट तयार होते. छिद्र लहान असेल आणि लगेच लक्षात आले, तर ते एमटीएने बंद करण्याचा प्रयत्न होतो, तरी अशा दाढेचे भवितव्य शंकास्पदच राहते. फाईलचा तुकडा नलिकेत मोडला, तर कायमच्या दातात तो कधी कधी जन्मभर बिनत्रास राहतो. दुधाच्या दातात मात्र मूळ झिजणार असल्याने तो पुढे मोकळा होणार हे लक्षात ठेवून दाढेवर नजर ठेवावी लागते, आणि वेळ आल्यास ती काढून तुकडाही बाहेर आला याची खात्री करावी लागते. असा प्रसंग घडल्यास पालकांना त्याच दिवशी सांगणे आणि नोंद करणे हा उपचाराचाच भाग आहे.

फाईल जिथे पोहोचत नाही तिथले काम नलिका धुण्याच्या द्रावणावर सोपवलेले असते. त्यातले सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारते आणि मृत ऊतक विरघळवते. पण ते जोराने ढकलले गेले आणि मुळाच्या टोकाबाहेर निसटले, तर जिवंत ऊतकही जाळते. झिजू लागलेल्या मुळांची टोके रुंद उघडी असल्याने दुधाच्या दातांत ही शक्यता अधिक असते. बधिर केलेले असूनही अचानक तीव्र वेदना, काही मिनिटांत गालावर सूज आणि दातातून रक्त, अशी याची लक्षणे असतात. सौम्य द्रावण, बाजूने छिद्र असलेली सुई आणि हलका हात एवढ्याने हा अपघात बहुतांशी टळतो. तसेच रबर डॅम, म्हणजे दात इतर तोंडापासून वेगळा ठेवणारा रबराचा पातळ पडदा, लावला असेल तर द्रावण तोंडात जात नाही आणि लहान फाईल किंवा क्लॅम्प (पडदा दातावर धरून ठेवणारा चिमटा) मुलाने गिळण्याची किंवा तो श्वासनलिकेत जाण्याची शक्यताही फार कमी होते. काम करताना मूल एकाएकी हलते, हे गृहीतच धरावे लागते.

नलिका भरण्याच्या औषधाबाबत वर सांगितलेली अट पुन्हा पुढे येते: ते मुळाबरोबर झिजले पाहिजे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचे मिश्रण जुने आणि टिकाऊ आहे, परंतु ते मुळापेक्षा सावकाश विरघळते. त्याचा भाग मुळाबाहेर गेला, तर दाढ पडल्यानंतरही त्याचे कण हाडात किंवा हिरडीत राहतात, आणि क्वचित कायमचा दात वाट बदलून वाकडा येतो. आयोडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड यांचा लेप टोकाबाहेर गेला तरी काही आठवड्यांत शोषला जातो, ही त्याची जमेची बाजू. पण कधी कधी तो नलिकेच्या आतूनही शोषला जातो आणि मुळे झिजण्याच्या कितीतरी आधी नलिका रिकाम्या पडतात. दोन्ही गुणांची सांगड घालण्यासाठी झिंक ऑक्साइड, युजेनॉल आणि आयोडोफॉर्म एकत्र असलेली मिश्रणेही वापरात आहेत. कोणतेही औषध असो, टोकाबाहेर गेलेल्या भरणापेक्षा टोकापाशी संपणारे किंवा किंचित आखूड भरण अधिक यशस्वी ठरते.

इतके सगळे नीट जमूनही दाढ हातची जाऊ शकते, जर वरून ती घट्ट बंद झाली नसेल. पल्पचा उपचार झालेली दाढ आतून पोकळ आणि ठिसूळ असते. तात्पुरत्या सिमेंटवर ती आठवडेच्या आठवडे ठेवली, तर कडांतून लाळ आणि जंतू शिरतात किंवा दाढेचा तुकडा उडतो. म्हणूनच स्टीलची कॅप शक्य तर त्याच बैठकीत, नाहीतर लवकरात लवकर बसवावी. दुखणे थांबल्यावर कॅपसाठी परत न येणे हे मला पालकांच्या बाजूचे सर्वांत महागात पडणारे दुर्लक्ष वाटते. कॅपच्याही लहानसहान तक्रारी असतात: पहिले काही दिवस चावताना ती उंच लागते, कड नीट बसली नसेल किंवा जादा सिमेंट राहिले असेल तर हिरडी सुजते, आणि दुधाच्या दुसऱ्या दाढेवरच्या कॅपची मागची कड लांब राहिली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ तिथे अडकते. निकेलची ॲलर्जी माहीत असलेल्या मुलासाठी झिरकोनियाची कॅप निवडता येते.

उपचाराच्या दिवशीची एक तक्रार मात्र दाताशी संबंधितच नसते. इंजेक्शनने ओठ आणि गाल दोनतीन तास बधिर राहतात आणि मूल ते कुतूहलाने चावत बसते. दुसऱ्या दिवशी ओठ सुजलेला आणि त्यावर पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नसून भरत आलेल्या जखमेचा थर असतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातो. बधिरपणा उतरेपर्यंत मुलावर लक्ष ठेवणे एवढेच यावर पुरते.

आता अपयश ओळखायचे कसे? वेदना हे उशिराचे आणि बेभरवशाचे लक्षण आहे. उपचार झालेल्या दाढेजवळच्या हिरडीवर मुगाच्या दाण्याएवढी, कधी येणारी कधी जाणारी पुळी ही त्याहून खात्रीची खूण आहे. त्या पुळीतून पू वाहून जातो, आत दाब साठत नाही, आणि म्हणूनच दुखत नाही. तेवढ्यामुळेच घरी तिच्याकडे काणाडोळा होतो. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी ती काही दिवस मिटते, पण संसर्गाचा उगम मृत पल्पमध्ये असल्याने आणि तिथे रक्तपुरवठाच नसल्याने औषध मुळाशी पोहोचत नाही. पुन्हा उपचार करणे किंवा दाढ काढणे यांतून निवड करावी लागते. ताप येणे, गाल किंवा जबड्याखालचा भाग झपाट्याने सुजणे, डोळा मिटत जाणे, तोंड उघडता न येणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, ही लक्षणे मात्र वेगळ्या प्रतीची आहेत. तेव्हा संसर्ग पसरतो आहे असे समजून मुलाला त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. भेटीची वेळ मिळण्याची वाट पाहू नये.

शांतपणे चालू राहिलेल्या संसर्गाची किंमत कायमच्या दाताला द्यावी लागते. उपदाढेच्या वरच्या भागाचे कठीण होणे साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात सुरू होते आणि पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पूर्ण होते. त्या काळात तिच्या जागी असलेल्या दुधाच्या दाढेच्या मुळांशी पू साठून राहिला, तर इनॅमल घडवणाऱ्या पेशींचे काम बिघडते आणि पुढे तो दात पांढऱ्या-तपकिरी डागांचा किंवा खड्ड्यांचा उगवतो. अशा दाताला टर्नरचा दात म्हणतात. फाट्यातले हाड जास्त गेले असेल, तर उपदाढ मूळ पुरेसे वाढण्याआधीच वर येते. अंकुराभोवती द्रवाने भरलेली गाठ तयार होऊन दात आपल्या जागेवरून सरकणे हे त्याहून विरळ आहे. पालक पुष्कळदा विचारतात की रूट कॅनल केल्याने खालचा दात बिघडेल का. योग्य रीतीने केलेल्या उपचारापेक्षा तसाच सोडलेला किंवा फसलेला आणि न तपासलेला संसर्ग त्या दाताला कितीतरी अधिक घातक असतो.

यावरून हेही स्पष्ट व्हावे की दाढ काढणे हा प्रत्येक वेळी पराभव नसतो. मुळे एक तृतीयांशाहून अधिक झिजली असतील, कॅप धरण्याइतकाही दात शिल्लक नसेल किंवा फाट्यातले हाड मोठ्या प्रमाणात गेले असेल, तर दाढ वाचवण्याचा खटाटोप मुलाच्या हिताचा नाही. काही हृदयविकारांत, जिथे रक्तात गेलेले जंतू हृदयाच्या आतल्या आवरणाला बाधा करू शकतात, आणि कर्करोगाच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांत, आत थोडासा संसर्ग उरण्याची जोखीमही घेतली जात नाही. दाढ काढल्यावर प्रश्न येतो जागेचा. दुसरी दुधाची दाढ अकाली गेली, तर तिच्या मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला उगवायला जागा उरत नाही. म्हणून पुष्कळ वेळा जागा राखणारी तार बसवावी लागते. ही तार हिरडीत रुतणे, सिमेंट सुटणे किंवा भोवती अन्न साठणे अशा कटकटी तिच्याही मागे असतात, त्यामुळे तपासणी तिथेही चुकत नाही.

उपचार झालेल्या दाढेची तपासणी साधारण दर सहा महिन्यांनी व्हावी, आणि दंतवैद्य ठरवतील त्या अंतराने एक्स-रे काढावा. पल्पेक्टॉमीपूर्वी हाडात दिसलेली सावली सहा महिन्यांत भरून येऊ लागली पाहिजे. ती तशीच असेल किंवा वाढली असेल, तर दाढ शांत असली तरी उपचार फसला आहे. पालकांना घरीही काही गोष्टी पाहता येतात: दात घासताना कॅपच्या आसपासची हिरडी लाल किंवा फुगलेली आहे का, कॅप हलते का, मूल नकळत एकाच बाजूने चावते का. नऊ-दहाव्या वर्षानंतर दुसऱ्या बाजूची तीच दाढ केव्हा पडते हेही लक्षात ठेवावे. ती पडून सहा महिने उलटले आणि उपचार झालेली दाढ मात्र जागची हललेली नाही, किंवा तिच्या बाजूने नवा दात डोकावतो आहे, तर मुळात भरलेले औषध विरघळले नसण्याची शक्यता असते आणि दाढ काढून वाट मोकळी करावी लागते. उपदाढ योग्य जागी आल्यावर तिचे इनॅमल एकदा तपासून घेतले, की त्या दाढेची नोंद बंद करता येते.